मंदामावशीच्या वाटेवरचे बाक

शहर सुधारायला निघालं की शहर सुधारो न सुधारो, किस्से मात्र पोतंभर जमतात. बुऱ्हाणपुरात आम्ही तिघं आहोत: मी शाळामास्तर, कापड दुकानवाला प्रकाश आणि घरांचे नकाशे काढणारी सुनीता. मोठं काही आम्हाला जमत नाही. माणूस जिथं थकतो तिथं बसायला जागा करायची, एवढंच.

सुरुवात प्रकाशच्या आईमुळे झाली. मंदामावशी रोज संध्याकाळी ताप्तीवर दिवा सोडायला जायची. मग गुडघे गेले. ऑटो तिला चालत नाही, म्हणते, "ताप्तीमायकडे पायीच जावं." वाटेत टेकायला जागा नाही, म्हणून ती घरातच बसली. तिला अशी सुकताना बघून जीव तुटायचा.

*

पहिला बाक सुनीताने सावलीत, शांत कोपऱ्यात, रस्त्याकडे पाठ करून टाकला. कोणी फिरकेना. शेवटी एक ऑटोवाला म्हणाला, "मॅडम, इथून रस्ता तर दिसूनच नाही राहिला. माणूस बसून पाहील काय?"

बाक फिरवला. संध्याकाळपर्यंत भरला.

*

दुसरी जागा लिंबाखाली. खर्च वाचवायला आम्ही एक छान गोल दगडच ठेवला. शनिवारी पाहतो तर त्याला शेंदूर, पुढं नारळ!

घरबसल्या हे ऐकून मावशी म्हणाली, "वा रे शहाणे. आता मी मारुतीवर बसू का?"

दगड हलवायची हिंमत कोणाची? शेजारी ओटा बांधला.

*

तिसऱ्या जागी, दुकानासमोर ओटा बांधायला किराणावाले शेठ आडवे आले. "रिकामटेकडे बसतील, धंदा बुडेल."

ओटा झाल्यावर पहिले रिकामटेकडे तेच. आता गिऱ्हाईक ओट्यावरच येऊन त्यांच्याकडे साखर मागतं.

*

मग एका संध्याकाळी मावशी दिवा घेऊन निघाली. "मागे मागे येऊ नका," असं तिने बजावलं, म्हणून आम्ही आधीच घाटावर जाऊन थांबलो. दिवेलागण झाली तरी मावशी येईना. प्रकाशचा चेहरा उतरला. आम्ही उलट पावली धावलो. शेठ म्हणाले, इथं नाही आली. लिंबाखालीही नव्हती.

मावशी पहिल्याच बाकावर होती. दोन्हीकडे गल्लीतल्या बायका, मांडीवर दिवा.

"आई, पाय दुखले का?" प्रकाशने घाबरून विचारलं.

"पायाला काय धाड भरली? हा दिवा तूच सोडून ये. ताप्तीमायला सांग, मंदा जरा बिझी आहे."

आणि शेजारणीकडे वळून म्हणाली, "हां, मग सून काय बोलली?"