केसपेपर कुणाचा?

गुरुवारी दवाखान्यात एक मॅडम बसतात. त्यांच्यापुढं बसून बोलायचं, एवढाच इलाज. सुई नाही, गोळी नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी गेलेच नसते, कारण बोलणं हीच एक गोष्ट मला येत नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. वाचता येतं, लिहिता येतं. पण चार माणसांत तोंड उघडायची वेळ आली की घसा आवळतो. म्हणून लग्न झाल्यापासून माझं बोलायचं काम माझी थोरली जाऊ करते. मी तिला अक्का म्हणते, ती मला धाकटे म्हणते. दुकानदाराला, पोरांच्या शाळेतल्या बाईंना, डॉक्टरला, सगळ्यांना माझ्या वतीनं अक्काच सांगते. "हिला चालतंय." "हिला गोड आवडत न्हाय." मला गोड आवडतं. अठरा वर्षांत हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आम्ही दोघी घरी कडक भाकरी करतो. ज्वारी मंगळवेढ्याची. मी थापते, अक्का भाजते. पापडासारखी कडक होईपर्यंत मंद आचेवर ठेवायची, म्हणून तिचं काम लक्ष देण्याचं आणि माझं हाताचं. ऑर्डरी जुळे सोलापुरातून येतात, त्याही अक्काच घेते.

एप्रिलमधली गोष्ट. मी पहाटेपासून थापत होते. पत्रा तापलेला, अंगातून घामाच्या धारा. एक बाई दारात आली. तिच्या घरी कार्य होतं, तिला दुसऱ्या दिवशी सकाळी शंभर भाकरी जास्तीच्या पाहिजे होत्या. अक्का म्हणाली, "हुतंय की! धाकटीचा हात लई चालतो. हिला काय, हिला चालतंय."

मी परात उचलली आणि भिंतीवर मारली. ओलं पीठ कॅलेंडरवर, टीव्हीवर, अक्काच्या केसांत. ती बाई एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन गेली. मला ओरडायचं होतं, पण तोंडातून आवाज आला नाही. नुसते हात थरथरायला लागले.

ते थांबेनात. दुसऱ्या दिवशी थापायला बसले तर भाकरीला काठानं चिरा. तिसऱ्या दिवशी भाकरी उचलतानाच फाटली. माझ्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, विचारलं, "येड लागलं का काय हिला?" हेही त्यांनी अक्कालाच विचारलं, मी समोर बसलेली असताना. शेजारणीनं बाहेरचं आहे म्हणून सांगितलं. मग लिंबू झालं, उतारा झाला. शेवटी अक्का मला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी बीपी बघितलं, रक्त बघितलं, सगळं ठीक आहे म्हणाले आणि कागदावर लिहिलं, समुपदेशक, गुरुवार. तो शब्द मी दारावरच्या पाटीवर दोनदा वाचला तेव्हा कळला.

खोली लहान होती. एक टेबल, दोन खुर्च्या, टेबलावर कागदी रुमालांचा डबा. मॅडम वयानं माझ्याहून लहानच असतील. अक्का सवयीनं खुर्चीत बसली आणि मी सवयीनं तिच्यामागं उभी राहिले.

"मॅडम, हिचे हात थरथरत्यात. राग लई येतोय. झोप न्हाय. जेवण कमी झालंय," अक्का एका दमात म्हणाली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि मान वर करून मला विचारलं, "ताई, तुम्ही काय म्हणता?"

"ती न्हाय बोलत. लाजाळू हाय. मला इचारा की."

"मला त्यांच्याशी एकटीशी बोलायचंय. तुम्ही थोडा वेळ बाहेर बसाल का?"

"एकटीशी? मी काय परकी हाय व्हय?"

"नाही हो. पण खुर्च्या दोनच आहेत."

अक्का उठली. जाताना दार तिनं मुद्दाम अर्धं उघडं ठेवलं. मॅडमनी उठून ते लावलं.

मग त्यांनी मला पद्धत सांगितली. आठवड्यातून एकदा यायचं, पाऊण तास बसायचं. इथं बोललेलं इथंच राहील. कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच त्यांना दुसऱ्या कुणाला सांगावं लागेल, आणि तेही आधी मला सांगून. बोलावंसं वाटलं नाही तर नाही बोललं तरी चालेल. हे सगळं सांगून झाल्यावर त्या गप्प बसल्या.

मीही गप्प. पंखा फिरत होता. मी त्या रुमालांच्या डब्यावरची फुलं मोजली. मला त्यांचा इतका संताप आला की सांगता येत नाही. एवढी शिकलेली बाई आणि मलाच विचारते काय झालंय! देवरुषी बरा, तो काही न विचारता सांगतो तरी. कळत नाही म्हणून तर आले. मला वाटलं होतं त्या माझ्याकडं बघतील आणि ओळखतील. पाऊण तासात मी तीन शब्द बोलले. दोनदा "व्हय" आणि एकदा "पाणी".

बाहेर आल्यावर अक्का बाकावरून उठली. "काय इचारलं?"

"काय न्हाय."

"काय न्हाय कसं? पाऊण तास दोघी मुक्यानं बसला व्हता व्हय?"

तसंच झालं होतं, पण ते मी तिला सांगितलं नाही. सांगायचं नाही असं ठरवून सांगितलं नाही. असं मी पहिल्यांदाच केलं.

आठवडाभर मी एकाच गोष्टीवर चिडत राहिले. इथलं इथंच राहील म्हणे. आमच्या गल्लीत सकाळी नळावर बोललेलं दुपारच्या चहाला दुसऱ्याच्या घरी पोचतं. सख्ख्या बहिणीला सांगितलेलं सासूला कळतं. आणि ही कोण कुठली बाई माझं पोटात ठेवणार? मी ठरवलं, हिची परीक्षा घ्यायची.

दुसऱ्या गुरुवारी मी मान खाली घालूनच खोटं बोलले. "मी दिवाळीला माहेरी जाणार, मोडनिंबला. परत येणार न्हाय. भावाशी बोलणं झालंय. घरात कुणालाच ठाव न्हाय." भावाशी कसलंच बोलणं झालं नव्हतं. ही बातमी घरी पोचली असती तर मालकांनी घर डोक्यावर घेतलं असतं आणि अक्का मला धरून रडली असती. म्हणजे मला लगेच कळलं असतं. मग मी मॅडमचं तोंडही बघितलं नसतं आणि सगळं संपलं असतं. खरं सांगायचं तर ती पोचावी असंच मला वाटत होतं.

मॅडमनी लिहून घेतलं नाही. एवढंच विचारलं, "जायचं ठरवल्यावर कसं वाटलं?" मी म्हटलं, "बरं वाटलं." आणि हे खोटं नव्हतं. खोटं बोलतानाही बरं वाटलं होतं. ते का, हे मला कळेना, म्हणून पुन्हा राग.

सात दिवस मी कान देऊन होते. अक्कानं "धाकटे" म्हटलं की मी हातातलं काम खाली ठेवायचे. ती म्हणायची, "मीठ दे." मालक घरी आले की मी त्यांच्या तोंडाकडं बघायचे. ते म्हणायचे, "जेवायला वाढ." काहीच आलं नाही.

तिसऱ्या गुरुवारी अक्काचा धीर सुटला. माझा नंबर यायच्या आधी ती एकटीच आत घुसली. दोन मिनिटांत लालबुंद होऊन बाहेर आली. "मी इचारलं, आमची धाकटी काय म्हणती? तर म्हणत्यात, त्यांनाच विचारा. लई शिकलेली हाय, पर तोंड उघडंना!" बाकावरच्या दोन बायका हसल्या.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. आता माझ्याकडं गप्प बसायला कारणच उरलं नव्हतं. मी आत गेले, दार मीच लावलं, आणि बसायच्या आधीच बोलले, "तुमी का न्हाय सांगितलं? मी खोटं बोलले हुते. मोडनिंबचं सगळं खोटं. तुमी सांगताय का, ते बघत हुते."

मला वाटलं त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "बरं केलंत. मग पास झाले का मी?"

"आजून न्हाय," मी म्हटलं. आणि तशीच उभ्यानं सांगायला लागले.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या अंगावरून फार जात होतं. मी अठ्ठावीस वर्षांची होते. अक्का मला एका डॉक्टरकडं घेऊन गेली. अक्का खुर्चीत, मी मागं. डॉक्टरनं विचारलं, मुलं किती? अक्का म्हणाली, दोन. डॉक्टर म्हणाला, मग गर्भाची पिशवी काढलेली बरी, पुढं त्रास नको. अक्का म्हणाली, "काढून टाका. हिला चालतंय." आठ दिवसांनी माझी पिशवी काढली. मालकांनी सही केली. माझाही अंगठा घेतला. मला सही येते. चौथीत बाईंनी घोटून घेतली होती. पण शाईचा डबा पुढं केला आणि मी अंगठा दिला.

मला आणखी मूल पाहिजे होतं असं नाही. लोकांना तेवढंच कळतं, म्हणून आधीच सांगते. नव्हतं पाहिजे. पण नंतर अंगातून वाफा निघायच्या, कंबर मोडायची, उगाच रडायला यायचं आणि सगळे म्हणायचे, सुटलीस की कटकटीतून. माझ्या पोटातलं होतं ते. भाजी निवडताना बाई विचारते की गं, देठ ठेवू का काढू? तेवढंही मला कुणी विचारलं नाही.

मी ओरडत होते. बाहेर ऐकू जात असेल, जाऊ दे. मॅडमला म्हटलं, "आता इचारताय, तुमी काय म्हणता! तवा कुटं होता तुमी?"

त्यांनी रुमालांचा डबा पुढं सरकवला नाही, हे मला आवडलं. मी रडत नव्हतेच. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असता?"

मग म्हटलं, "म्हणले असते, थांबा. घरी जाऊन इचार करते." एवढंच. नको म्हणाले असते असंही नाही. कदाचित हो म्हणाले असते. पण मी म्हणाले असते.

तेव्हा कुठं मी खुर्चीत बसले. हात बघितले. थरथरत होते, पण मला त्यांची भीती वाटली नाही.

दोन दिवस मी अक्काशी बोलले नाही. तसं मी कधीच फार बोलत नाही, त्यामुळं तिला ते कळलंही नाही, त्याचाही राग आला. तिसऱ्या दिवशी परातीवर बसलो होतो. ती तवा पुसत होती. मी पिठाकडं बघतच विचारलं, "अक्का, पिशवीचं तू का सांगितलंस?"

"कसलं?"

"माझी काढायची म्हणून. मी मागं हुते की. मला का न्हाय इचारलंस?"

तिनं फडकं खाली ठेवलं. मला वाटलं आता ती म्हणणार, तुझ्याच भल्यासाठी. तिची बोलती बंद करायला मी उत्तर तयार ठेवलं होतं. ती म्हणाली, "माझी काढली तवा मला कुणी इचारलं हुतं? सासूबाईंनी सांगितलं. मी बी मागंच उभी हुते."

अठरा वर्षं एका चुलीवर काम केलं, मला हे माहीत नव्हतं. तिनं तवा चढवला. त्या दिवशी तिनं सात भाकरी करपवल्या. अक्कानं. मी एकही थापताना फाडली नाही.

मी तिला माफ केलेलं नाही. तिच्यावर तेच ओढवलं म्हणून माझ्यावरचं मिटत नाही, उलट जास्त राग येतो. जिला ठाऊक होतं तिनंच तसं केलं. हे मी मॅडमलाही सांगितलं. त्या म्हणाल्या नाहीत की माफ करा. म्हणाल्या असत्या तर मी उठले असते.

काल गुरुवार होता. निघताना अक्का लुगडं बदलून तयार. मी म्हटलं, "आत मी एकटीच जाणार."

"ठाव हाय गं." मग चप्पल शोधत म्हणाली, "त्या मॅडम... म्हातारीकोतारीला बी बघत्यात का?"

"तू कवा म्हातारी झालीस? बघत्यात. पर स्वतःचा केसपेपर काढावा लागतो."

दवाखान्यात खिडकीशी गर्दी होती. मी माझा जुना कागद दाखवून बाजूला झाले. अक्का खिडकीशी तशीच उभी. जिनं अख्ख्या गल्लीची भांडणं मिटवली, ती पदर तोंडाशी धरून उभी.

"बोला मावशी. केसपेपर कुणाचा?" आतल्या माणसानं विचारलं.

अक्कानं माझ्याकडं बघितलं. तिला माझ्याकडून उत्तर पाहिजे होतं. मला ते येत होतं. तोंडापर्यंत आलंही होतं, आणि त्या वेळी घसाही आवळला नव्हता. मी दात दाबून गप्प राहिले. मागची बाई ओरडली, "आवं, लवकर करा की!"

"कुणाचा, मावशी?"

"माझा," अक्का म्हणाली. इतक्या हळू की त्यानं पुन्हा विचारलं.