पाईपाचा ढाळ

जळगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी अमीनभाई राहतात. प्लंबर आहेत. बोलणं कमी आणि काम सुरू असताना तर अजिबात नाही. तीन वर्षांपूर्वी निवृत्त शिक्षिका दिपमाला मॅडम त्यांच्याकडे एक चित्र घेऊन आल्या. गच्चीवर पाईप आडवे बांधायचे, त्यांना भोकं पाडायची, भोकांत जाळीचे पेले बसवायचे आणि मातीशिवाय, नुसत्या खताच्या पाण्यावर भाजी वाढवायची. असलं काम अमीनभाईंनी कधी केलं नव्हतं, पण चित्र बघून चार दिवसांत उभं केलं. टाकीतलं पाणी मोटर वर चढवायची, ते पाईपांतून मुळांना भिजवत पुन्हा टाकीत यायचं. पालक आणि पुदिना एवढा फोफावला की मॅडमच्या ओळखीतून अमीनभाईंना अशी आणखी तीन कामं मिळाली.

यंदा एप्रिलमध्ये मॅडमची रोपं दुपारी माना टाकू लागली. पाणी तर चालू होतं. खत कमी पडत असेल म्हणून त्यांनी वाढवलं. दुकानदाराने दिलेलं बुरशीचं औषधही घातलं. आठवडाभरात पानं पिवळी पडली. एक पेला उपसून बघितला तर पांढरीशुभ्र असायची ती मुळं तपकिरी आणि बुळबुळीत झालेली. बोटांनी ओढली की वरची साल हातात यायची, आत नुसता दोरा उरायचा. वास तर नाल्यासारखा. मॅडमनी अमीनभाईंना फोन केला तो पाईप काढून न्या असं सांगायला.

अमीनभाई आले, पण त्यांनी लगेच पाना-पक्कड हातात घेतली नाही. आधी मोटर बंद केली. पाणी टाकीत परत यायचं थांबल्यावर त्यांनी एका भोकात बोट घातलं. पाईपाच्या मधोमध दोन पेरं पाणी साचून होतं, अंघोळीच्या पाण्यासारखं कोमट. मग त्यांनी पाईपाला दोरी लावून पाहिली. पाच-पाच फुटांवर मारलेल्या क्लॅम्पांमध्ये पाईप उन्हाने लवला होता. वरून बघणाऱ्याला ते कळलंही नसतं.

मॅडम मात्र स्वतःलाच बोल लावत होत्या. टाकीचं झाकण उघडं राहायचं, पाण्यावर शेवाळ धरलं होतं, मागचं पीक निघाल्यावर पाईप धुवायचा कंटाळा केला होता. "माझ्याच्याने हे होणार नाही, अमीनभाई," त्या म्हणाल्या.

अमीनभाईंनी दोरी गुंडाळून खिशात टाकली. मान डोलावून पाईप सोडायला घेतले असते, तर विषय तिथेच मिटला असता.

"मॅडम, टाकीचं तुमचं खरं," ते म्हणाले, "पण हा ढाळ माझा चुकला. क्लॅम्प लांब-लांब मारले, म्हणून पाईप लवला. साचलेल्या गरम पाण्यात मुळांना हवा मिळाली नाही, ती गुदमरली. मग कुजायला कितीसा वेळ?"

पुढचे दोन दिवस दोघं गच्चीवरच होते. पूर्ण सडलेली रोपं टाकून दिली. ज्यांची निम्मी मुळं पांढरी होती, त्यांची तपकिरी मुळं मॅडमनी कात्रीने छाटली, स्वच्छ पाण्यात धुतली आणि रोपं हलक्या खताच्या ताज्या पाण्यात ठेवली. अमीनभाईंनी पाईप आणि टाकी ब्लीचिंगच्या पाण्याने घासली, पुन्हा पुन्हा धुऊन उन्हात वाळवली. मग दोन-दोन फुटांवर क्लॅम्प मारले, ढाळ नीट दिला. टाकी जिन्याखाली सावलीत आणून तिला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि माशांच्या पेटीत बुडबुडे काढतो तो छोटा पंप आत सोडला. बहात्तर रोपांतली एकोणीस जगली, ती बहुतेक पुदिन्याची. पालकाचं एकही नाही. मे महिन्यात पाणी काही केल्या थंड राहीना, म्हणून मॅडमनी सगळं कोरडं करून ठेवलं आणि जूनच्या शेवटी पुन्हा रोपं लावली.

अमीनभाईंना मात्र मे महिन्याचं ऊन बाकीच्या पाईपांवर पडेपर्यंत थांबवेना. आपल्या हातची उरलेली तिन्ही कामं बघून यायचं त्यांनी ठरवलं. कोणी बोलावलं नसताना स्वतःची चूक सांगत फिरायचं हे त्यांच्या बायकोला, कनीजभाभींना पटलं नाही. तरी सकाळी डबा त्यांनीच बांधून दिला. जामनेरच्या घरी दारातच चार शब्द ऐकावे लागले, कारण तिथली रोपं कधीच मेली होती. ते ऐकून घेऊन अमीनभाईंनी पाईप सरळ केले आणि निघाले. मुक्ताईनगरचं काम एका भिंतीच्या सावलीत होतं, तिथे काही बिघडलं नव्हतं.

शेवटी ते बसने धुळ्याला तोतारामभाऊंकडे गेले. तिथली मुळं कापसासारखी पांढरी होती. अमीनभाई तरीही पिशवीतून क्लॅम्प काढून पाईप खोलू लागले, तेव्हा सगळं ठीक असताना हे कशाला, याचं तोतारामभाऊंना नवल वाटलं.

"बठ्ठं चांगलं शे ना भाऊ, मंग कसाले खोली ऱ्हायना?"

"चांगलं आहे तोवरच करू द्या," अमीनभाई म्हणाले.

पाईपाचं दुसरं टोक तोतारामभाऊंनी स्वतः धरलं, आणि काम संपेपर्यंत दोघं उन्हात उभे राहिले.