पिशवीचं तोंड कुणी धरायचं

आधी टिप्स सांगते, कारण मला त्या खरंच येतात आणि मला येणारी गोष्ट कुणाला सांगितल्याशिवाय मला करमत नाही.

आमच्याकडं नांदेडला ते स्वस्तातलं मोठं दुकान आहे, आम्ही सगळे नुसतं मार्ट म्हणतो. आत फिरायला किती पण वेळ लावा, कुणी काही म्हणत नाही. खरी परीक्षा काउंटरवर. तिथली पोरगी सामान बीप बीप करत असं पुढं ढकलते की तुमची एक पिशवी उघडेपर्यंत तिकडं डाळ, साबण, रवा, फिनेल, सगळ्याचा ढीग झालेला असतो, आणि मागं दहा ट्रॉल्या तुमच्याकडं बघून राहिलेल्या असतात. तर ट्रॉलीतच दोन भाग करायचे. जड हँडलकडं, हलकं पुढं. काउंटरवर जड आधी ठेवायचं, म्हणजे ते पिशवीत आपोआप खाली जातं. पुड्यावर बारकोडच्या पट्ट्या छापलेली बाजू वर. सुट्या शेंगदाण्याला वजनाचं स्टिकर लावलंय का ते दोनदा बघायचं, कारण ते नसलं की सगळी लाईन थांबते. मोबाईलवर पैसे द्यायचं ते आधीच उघडून ठेवायचं. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी जायचंच नाही. मंगळवारी दुपारी जायचं, तेव्हा तिथं कुत्रं पण नसतं.

मी मुळात फास्ट आहे. लातूरला दोन वर्षं मेडिकलच्या क्लासला होते. डॉक्टर काही झाले नाही, पण पटापट करायला शिकले. मिनिटाला एक प्रश्न, मेसमध्ये दहा मिनिटांत जेवण, होस्टेलवर आंघोळीला पाच मिनिटं, त्याच्यावर गेलं की बाहेरच्या पोरी दार वाजवायच्या. आता इथं सेवा केंद्रात लोकांचे ऑनलाईन फॉर्म भरते. खेड्यातून आलेल्या बाया माझी टायपिंग बघत बसतात. एक आजी म्हणली होती, माय, हिचे बोटं दिसूनच नाही राहिले. मला लई भारी वाटलं होतं.

आता पप्पांचं सांगते. पप्पा नायगावला सरकारी ऑफिसात क्लार्क होते आणि आयुष्यात कधीच फास्ट नव्हते. शिक्का मारायचा तर आधी कोऱ्या कागदावर मारून बघणार, फाईलीची दोरी बांधायची तर दोन्ही टोकं सारखी येईपर्यंत सोडून परत बांधणार. घरच्या किराण्यात त्यांचं काम एकच होतं, पिशवीचं तोंड धरायचं. नायगावच्या दुकानात आई फळीपाशी उभी राहायची, दुकानदार एक एक पुडा समोर ठेवायचा, आई तो उचलून पिशवीत घालायची आणि पप्पा दोन्ही हातांनी पिशवी उघडी धरून खाली बघत उभे. तीस वर्षं त्यांनी दर महिन्याला एवढंच केलं.

पिशव्या सहा. सगळ्या आईनं शिवलेल्या, उरलेल्या कापडांच्या. कडधान्याची पप्पांच्या जुन्या पँटची, साबणाची पडद्याची, मिठाची वेगळी पांढरी. आणि सगळ्यात छोटी निळ्या चौकटीची, माझ्या शाळेच्या ड्रेसचं कापड उरलं होतं त्याची, ती हळदीची. आईचं माहेर देगलूर. तिकडून ती एक नियम घेऊन आली होती. महिन्याचं सामान भरताना हळद आधी. यादीत पहिली हळद, पिशवीत पहिली हळद, आणि घराच्या उंबऱ्याच्या आत पण पहिली हळदीचीच पिशवी. मग बाकीचं काय आणायचं ते आणा. त्या निळ्या पिशवीच्या बुडाला पिवळा डाग पडला होता, कितीदा धुतली तरी गेला नाही.

पप्पा रिटायर झाल्यावर आम्ही नांदेडला आलो आणि आई मार्टला पण तशीच जायची. माझ्या टिप्सची तिला काही गरजच नव्हती. ती काउंटरवरच्या पोरीशी बोलायची.

"बाई, दम धर की जरा. तुझं मशीन कुठं पळून चाललंय का?"

"काकू, मागं लाईन आहे."

"असू दे. लाईन कुठं जाती का? त्या बी बिचाऱ्या बायाच हायेत, त्यांना बी घरी जाऊन भाकरीच थापायच्या."

मागच्या बाया हसायच्या, पोरगी हसायची, आणि तेवढ्यात आईच्या पिशव्या भरून व्हायच्या. पप्पा तोंड धरून उभे.

आईला जाऊन आता दीड वर्ष झालं. दवाखान्यात नऊ दिवस होती. त्याच्याबद्दल मला लिहिता येणार नाही, फास्ट पण नाही आणि हळू पण नाही.

पहिले दोन-तीन महिने मावशीनं सामान आणून दिलं. मग एक दिवस पप्पांनी स्वतःच कपाटातून त्या सहा पिशव्या काढल्या, घड्या मोडल्या आणि म्हणले, "चल, मी येतो." मी खूश झाले. माणूस घराबाहेर पडतोय, एवढंच मला कळलं. पप्पांना त्या पिशव्या आईसारख्या भरायच्या होत्या. तेवढी एकच गोष्ट पाहिजे होती त्यांना, आणि ती मला कळली नाही.

नेमका महिन्याचा पहिला रविवार होता. काउंटरवर आमचा नंबर आला. मी पैशाचं बघत होते. पप्पांनी निळी पिशवी काढली आणि पोरीला म्हणले, "ताई, हळद आधी घ्या. त्या ढिगात असंल बघा."

"काका, हाताला येईल ते घेते मी. मागं बघा किती लोक आहेत."

बीप बीप सुरू झालं. पप्पा ढिगात हळद शोधायला लागले. हळद सापडली, तर पिशवी उघडी राहीना. आजवर एकजण धरायचा आणि एकजण घालायची. आता एकाच माणसाला दोन्ही करायचं होतं. मग त्यांनी पिशवीचा एक बंद दातात धरला, एक डाव्या हातात, आणि उजव्या हातानं हळदीचा पुडा अलगद आत ठेवला. तो आडवा पडला म्हणून परत काढून उभा ठेवला. तोवर सामान काउंटरच्या कडेपर्यंत आलं होतं.

मागचा एक जण म्हणला, "काका, पिशवीचं लगीन लावून राहिले का?"

"हाव ना, मुहूर्त बघून राहिले ते," त्याची बायको म्हणली.

सगळे हसले. काउंटरवरची पोरगी पण हसली. आणि मला लाज वाटली. खोटं कशाला सांगू, त्या लोकांची नाही वाटली. पप्पांची वाटली, त्या दातातल्या बंदाची.

मी म्हणले, "पप्पा, सरका बाजूला. मी करते."

"मिठाची तेवढी वेगळी..."

"पप्पा, जा ना गेटपाशी. खामखा खोळंबा करून राहिले तुम्ही सगळ्यांचा."

त्यांनी दातातला बंद काढला. तो ओला झाला होता म्हणून शर्टाला पुसला. आणि सगळ्या पिशव्या माझ्या हातात देऊन ते गेटपाशी जाऊन उभे राहिले.

मी दोन मिनिटांत सगळं भरलं. खरंच दोन मिनिटांत. जी पिशवी हाताला येईल तिच्यात जे हाताला येईल ते. निळ्या पिशवीतली हळद काढून साबणात टाकली, कारण ती पिशवी तेलाच्या पुड्याच्या मापाची दिसली. तेल घातलं आणि वरून नारळ टाकला.

"ताई, तेल गळून राहिलंय, काउंटर खराब होतंय," पोरगी ओरडली.

नारळानं पुडा फुटला होता. मी पोरीकडून एक विकतची पिशवी घेतली, फुटका पुडा बाजूला दिला, दुसरा आणायला सांगितला, आणि ती तेलानं भिजलेली निळी पिशवी काउंटरच्या खालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. दोन सेकंद लागले असतील. मागचा माणूस बायकोला म्हणला, "ही पोरगी फास्ट हाय बघ." आणि मी तेव्हा हसले होते. ते हसू मला अजून आठवतं.

घरी पप्पांनी पिशव्या स्वयंपाकघरात ओळीनं मांडल्या. मग परत एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली.

"हळदीची कुठाय?"

"तिच्यात तेल सांडलं पप्पा. टाकून दिली."

त्यांनी मिठाची पिशवी जरा सरकवून ओळ सरळ केली. मग म्हणले, "धुता आली असती, बाई." आणि चहा ठेवायला उठले. तेवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी आवरून बाहेर पडताना म्हणले, बँकेत जाऊन हयातीच्या दाखल्याचं विचारून येतो. दुपारी आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी पण गेले. मी म्हणले पण, एवढं काय विचारायचं असतं त्यात. म्हणले, साहेब जागेवर नव्हते.

पुढच्या महिन्यात मी स्कूटीची चावी घेतली तर म्हणले, "तूच जाऊन ये. तुझं पटापट होतं."

मग मी एकटीच जायला लागले आणि माझ्या त्या सगळ्या टिप्स या महिन्यांतल्या आहेत. एकदा तर आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत वीस मिनिटं लागली होती. मैत्रिणींना मेसेज केला होता मी.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. गेटवर बिलाला भोक पाडणारे वॉचमन मामा आहेत, ते माझ्या पिशव्यांकडं बघून म्हणले, "ताई, ते काका येत नाहीत का आता? त्यांची ती पिशवी घावली का?"

मी म्हणले, कोणती पिशवी?

"अहो, ती निळी. हळदीच्या डागाची. शटर उघडायच्या आधी येऊन उभे होते. म्हणले, कालच्या कचऱ्यात बघू द्या. मी मागं नेलं, तर घंटागाडी येऊन गेलेली. झाडणाऱ्या बाईला विचारलं, काउंटरवाल्या पोरीला विचारलं. दुसऱ्या दिवशी बी आले. मी म्हणलो, काका, जुन्या पिशवीसाठी कामून इतके बेजार होऊन राहिले, नवी घ्या की. तर म्हणले, हाव, घेतो."

मागून एक बाई म्हणली, "सरका ना ताई, वाटेत कामून थांबल्या?" मी सरकले. पार्किंगमध्ये स्कूटीपाशी उभी राहिले, किती वेळ ते माहीत नाही. माझ्यासारखीला वेळ माहीत नाही म्हणजे बघा.

ते कापड मी खूप शोधलं. शाळेचा ड्रेस बदललाय, दुकानदार म्हणला ती चौकट आता येतच नाही. माझे जुने ड्रेस आईनंच बोहारणीला देऊन टाकले होते. शेवटी दुसरं निळं कापड आणून आईच्या मशीनवर मी एक पिशवी शिवली. वाकडी झाली. पप्पांनी उलटीसुलटी करून बघितली, टाके बघितले आणि म्हणले, "मस्त झाली." आता तिच्यात त्यांच्या बीपीच्या गोळ्या असतात.

मी म्हणले, "चला ना पप्पा, मंगळवारी दुपारी जाऊ, लाईन नसते. पाहिजे तेवढा वेळ लावा."

"नको बाई. माझ्यानं लोकांचा खोळंबा होतो."

माझाच शब्द होता तो. माझ्यासारखंच म्हणले, पण रागानं नाही.

मग शेवटची टिप. ही मी कुणाला मेसेज केली नाही. मी आता काउंटरवर पिशव्या भरतच नाही. पोरगी बीप करते तसं सगळं परत ट्रॉलीत टाकते, बाहेर येऊन एका मोठ्या गोणीत ओतते, स्कूटीवर पुढं ठेवते आणि घरी येते. सगळ्यात फास्ट हेच आहे. घरी स्वयंपाकघरात फरशीवर सगळं पसरते. पप्पा पाच पिशव्या आणतात. मी खाली बसते आणि दोन्ही हातांनी पिशवीचं तोंड धरते.

पप्पा एक एक पुडा उचलून आत ठेवतात. आडवा पडला तर काढून उभा करतात. डबे तिथंच असतात, हातभर अंतरावर. पिशव्या भरून झाल्या की लगेच रिकाम्या करून सगळं डब्यांत भरायचं असतं. तरी आधी पिशव्या. एकदा माझा मोबाईल वाजला आणि मी एक हात सोडला, तर पिशवी मिटली. पप्पा हातात साबुदाणा धरून तसेच थांबले, मी परत धरेपर्यंत. आता मी मोबाईल बाहेर ठेवून येते. कधी पाऊण तास लागतो, कधी तास.

वॉचमन मामांनी मला सांगितलं हे मी त्यांना सांगितलेलं नाही. सुरुवात कशी करायची तेच मला कळत नाही. मी तोंड धरून खाली बघत बसते.

पप्पा दर वेळेला सगळ्यात आधी ढिगातून हळद शोधतात. सापडली की उचलतात. मग समोरच्या पाचही पिशव्यांकडं बघतात. तिच्यासाठी त्यातली कुठलीच नाही. म्हणून तो पुडा ते डाव्या हातात धरतात आणि बाकीचं सगळं एका उजव्या हातानंच भरतात, अगदी शेवटच्या मिठापर्यंत.