आवाज वाढवा

चष्मेवाल्या काकूंना इमारतीत कुणी कधी नावाने हाक मारली नाही, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नाही. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून त्या काचा घासत. पुढे गिऱ्हाईक आरशासमोर तोंड वेडंवाकडं करत फ्रेम निवडायचं आणि मागे काकू गोल काच ओल्या चाकावर धरून त्या फ्रेमच्या मापात आणायच्या. जरा जास्त घासली तर फुकट गेली, कमी घासली तर बसायची नाही. त्या चाकाचा आवाज ऐकून नवख्याचे दात आंबावेत. काकू म्हणायच्या, हा आवाज बरा, कशाचा आहे ते कळतं तरी. दुकानदाराला वाटायचं, बाई कामाला सोन्यासारखी, पण डोक्याने जरा तिरपागडी.

या दुकानदाराचा एक ठरलेला विनोद होता. अख्ख्या गावाचे चष्मे सरळ करते आणि हिचाच कायम वाकडा, असं तो येईल त्याला सांगायचा. खरंच होतं ते. काकूंच्या स्वतःच्या चष्म्याची काडी सारखी वाकायची, कधी पार मोडायची. त्या मुकाट्याने चिमट्याने सरळ करायच्या आणि हसणाऱ्यांबरोबर हसायच्या. असं का होतं, हे मात्र त्या शहाण्याने एकदाही विचारलं नाही. चष्मे विकणाऱ्यालाच दिसत नसेल तर बाकीच्यांचं काय घेऊन बसायचं?

ही सगळी नवरा होता तेव्हाची गोष्ट. नवऱ्याला इमारत रसिकराव म्हणायची. कचेरीत नोकरी, शर्टाला कडक इस्त्री, जिन्यात भेटला की आधी नमस्कार, आणि आवाज असा मऊ की कान द्यावा लागायचा. संध्याकाळी घरी आला की खिडकी उघडायचा आणि रेकॉर्ड लावायचा. जुनी, गोड, मधात बुडवून काढावीत अशी प्रेमाची गाणी. जिना चढणारे मधेच थांबून ऐकायचे. दिवसभर थकून आलेल्या माणसांना ते घर म्हणजे मोठाच आधार वाटायचा.

सगळ्यांत जास्त वाटायचा तो शेजारच्या बाईंना. बाई शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, काकूंपेक्षा वयाने मोठ्या आणि काकूंवर धाकट्या बहिणीसारखी माया करणाऱ्या. दोघींच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या समोरासमोर. काकू तापाने पडल्या तर बाई उशाशी, बाईंचा हात मोडला तर काकू त्यांची वेणी घालायला हजर. तर गाणं सुरू झालं की बाई हातातलं भांडं बाजूला ठेवून खिडकीतून हाक मारायच्या, "आवाज वाढवा हो जरा, इकडे नीट ऐकू येत नाही." आणि रसिकराव वाढवायचे. शेजाऱ्याचा शब्द मोडणाऱ्यांतले नव्हतेच ते.

आता आडपडदा कशाला ठेवायचा? रसिकराव बायकोला मारायचे. रोज नाही, पण मारायचे तेव्हा गाणं लावून मारायचे. आधी रेकॉर्ड बदलायची, मग आवाज चढवायचा, मग चष्मा काढ म्हणायचं. कधी तेवढाही वेळ द्यायचे नाहीत, मग काडी मोडायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, इथे तोंड दाबायला हातही लागला नाही. गाणं पुरलं. खिडकी सताड उघडी, कारण उघड्या खिडकीवर कोण संशय घेणार?

काकूंनी हे कुणाला सांगितलं नाही. आधी लाजेपोटी, मग भीतीपोटी, आणि नवरा एके दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या हृदय बंद पडून गेला, त्यानंतर बाईंवरच्या मायेपोटी. सांगितलं तर बाईंना आपली हाक आठवणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून त्या गप्प राहिल्या. इमारतीने तळमजल्यावरच्या सभेच्या खोलीत रसिकरावांचा फोटो लावला आणि दरवर्षी त्यांच्या आठवणीत गाण्यांची संध्याकाळ ठेवली. काकूंनी रेकॉर्ड वाजवायचं यंत्र आणि सगळ्या रेकॉर्ड त्या खोलीला देऊन टाकल्या. केवढं मन या बाईचं, असं लोक म्हणाले. मन कसलं, डोळ्यांसमोरून एकदाची ब्याद गेली म्हणून त्या रात्री काकू ढाराढूर झोपल्या. गाण्यांच्या संध्याकाळी मात्र पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीत बसावं लागायचं. त्या बसायच्या आणि मनातल्या मनात काचा घासायच्या.

पुढे घरातली मागची खोली रिकामी पडून राहायची म्हणून काकूंनी भाडेकरू ठेवला. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, तिशीचा. खांद्यापर्यंत केस, दंडावर गोंदवलेला साप, आणि जितके शर्ट तितके काळे, प्रत्येकावर कवटी. इमारतीने त्याचं नाव कवटी ठेवलं. इमारतीला नावं ठेवायला बोलवावं लागत नाही. माणूस काही देव नव्हता. ओला टॉवेल खुर्चीवर टाकायचा, कचरा खाली न्यायला विसरायचा, आणि दूध संपलं की रिकामी पिशवी परत फ्रिजमध्ये ठेवायचा. काकू त्यावरून त्याला फाडफाड बोलायच्या आणि तो खाली मान घालून ऐकून घ्यायचा.

सुट्टीच्या दिवशी खोली झाडताना तो गाणी लावायचा. गाणी कसली, डोंगर कोसळल्यासारखे ढोल आणि वरून एक माणूस गळा फाडून ओरडतोय. पहिल्यांदा भिंत हादरली तेव्हा काकू ओल्या हातांनी ओट्यापाशी थिजून उभ्या राहिल्या. अंगाला सवय होती ना. आवाज चढला की पुढे काय येतं, ते अंगाला ठाऊक होतं. चष्मासुद्धा त्यांनी काढून ओट्यावर ठेवला. मग दार उघडलं आणि कवटी बाहेर आला. हातात झाडू होता. सुपली कुठे ठेवलीय, असं त्याने विचारलं.

काकूंनी ओट्यावरचा चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी सुपली दिली आणि विचारलं, हा एवढं काय ओरडतोय? कवटी जरा ओशाळला. म्हणाला, मरणाबद्दल आहे, म्हणजे सगळेच मरणार, असं काहीतरी. काकू म्हणाल्या, बरोबरच आहे की मग. ते गाणं त्यांना काही आवडलं नाही, आणि पुढेही कधी आवडलं नाही. पण त्या आवाजाच्या आड काही नव्हतं. चाकासारखाच होता तो, जेवढा ऐकू येतो तेवढाच. त्या दिवसापासून सुट्टीच्या सकाळी त्या निवांत भांडी घासू लागल्या.

असं सगळं सुरळीत चाललं असताना कुणीतरी खालच्या दाराची काच फोडली आणि जिन्यातल्या पत्रपेट्या लाथा घालून वाकवल्या. झालं. कुणी पाहिलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. अध्यक्षांनी सभा बोलावली. अध्यक्ष म्हणजे वरच्या मजल्यावरचे, औषधांच्या दुकानाचे मालक, कशावरही पाच मिनिटं बोलू शकणारे. कवटी कामावर गेलेला, म्हणजे ज्याच्याबद्दल बोलायचं तोच नाही. ही आणखी सोय.

अध्यक्ष म्हणाले, असली गाणी रक्तात भिनतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलंय. रोज मारामारीचं ऐकणारा माणूस आज काच फोडतो, उद्या डोकं फोडेल. तेव्हा काकूंनी त्याला महिनाअखेर खोली सोडायला सांगावं. काकूंनी विचारलं, त्याला फोडताना कुणी पाहिलं का? कुणी पाहिलं नव्हतं. मग काय साप साप म्हणून भुई धोपटायची का, असं त्या म्हणाल्या. सभा कुरकुरली. खोली काकूंची, सांगायचं ते त्यांनीच, आणि त्या सांगायला तयार नाहीत म्हटल्यावर पंचाईत झाली.

तेव्हा बाई उठल्या. प्रेमाने, समजुतीच्या सुरात बोलल्या. बाई कधी कुणाचं वाईट चिंतणाऱ्या नव्हेत, हे सगळ्यांना माहीत होतं.

"अगं, तुझा जीव भोळा आहे," त्या म्हणाल्या. "माणूस काय ऐकतो त्यावरून माणूस कळतो. तुला मी वेगळं सांगायला हवं का? तुझ्या घरात कसला माणूस होता, आठव."

आणि त्यांनी फोटोकडे हात केला.

काकूंनी फोटोकडे पाहिलं. खाली तेच यंत्र होतं, वर स्वच्छ पुसलेली काच. त्यांना आतून एकदम संताप आला. रसिकरावांवरचा संताप तर जुनाच होता. पण या माणसाचं मोजमाप लावून आता दुसऱ्याला घराबाहेर काढायचं, आणि तेही आपल्या तोंडून, हे त्यांना सहन होईना. गप्प बसलं तर कवटीची खोली जाणार होती. बोललं तर बाई जाणार होत्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला.

"आठवतो," त्या म्हणाल्या. "हे मला मारायचे, बाई. गाणं लावून मारायचे. माझा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. माझ्या घरात जी गाणी वाजली, त्यातलं एकही मला शेवटपर्यंत ऐकता आलं नाही. आणि हा पोरगा भिंत हादरवतो, तेव्हा मी निवांत भांडी घासते. मी त्याला जा म्हणणार नाही."

अध्यक्षांच्या तोंडून शब्द फुटेना, तेही पहिल्यांदाच घडत होतं. बाई उभ्याच होत्या. खुर्चीची पाठ त्यांनी घट्ट धरली होती. आता विचारणार, हे काकूंना दिसत होतं, आणि विचारू नये म्हणून त्या मनोमन विनवत होत्या. पण बाईंनी जन्मभर मुलांना खरं बोलायला शिकवलं होतं.

"आणि मी वाढवा म्हणायचे तेव्हा?" बाईंनी विचारलं.

खोटं बोलायला वाव होता. तेव्हा काही नसायचं, असं म्हटलं असतं तर बाईंनी विश्वास ठेवला असता, कारण ठेवायचाच होता.

"तेव्हा हे वाढवायचे," काकू म्हणाल्या.

बाई वर निघून गेल्या. सभा तशीच विरली. कवटीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. काच कुणी फोडली, तेही शेवटपर्यंत कळलं नाही. नवीन काच बसवली, पेट्या ठोकून सरळ केल्या, आणि फोटो एक दिवस गुपचूप भिंतीवरून गेला.

बाईंची खिडकी बंद राहू लागली. जिन्यात भेटल्या तरी त्या बाजूने निघून जायच्या. बोललो ते योग्य बोललो, असं काकू स्वतःला बजावायच्या आणि मग बंद खिडकीकडे बघत रडायच्या. अख्ख्या इमारतीत त्यांचं असं एकच माणूस होतं, आणि तेच गेलं होतं.

मग एका सुट्टीच्या सकाळी कवटीने झाडू घेतला आणि गाणी लावली. भिंत हादरली. तेवढ्यात घंटा वाजली. कुणीतरी भांडायला आलं, अशा तयारीने काकूंनी दार उघडलं. दारात बाई होत्या, धापा टाकत, पायात चप्पलही नव्हती. त्यांनी काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग हातांकडे, मग चष्म्याकडे. चष्मा सरळ होता.

मागून कवटीने डोकं बाहेर काढलं आणि कमी करू का, असं विचारलं. बाईंनी नको म्हणून मान हलवली. आवाजासाठी आले नाही, म्हणाल्या. आणि आल्या तशा गेल्या.

पुढच्या सुट्टीला पुन्हा आल्या. त्याच्या पुढच्याही. कवटी आता गाणं लावायच्या आधी दाराची कडी काढून ठेवतो. पण बाई तेवढ्यावर थांबलेल्या नाहीत. दुसऱ्या मजल्यावर एक नवीन जोडपं राहायला आलंय, त्यांना जुनी गोड गाणी आवडतात. संध्याकाळी तिथून गाण्याचा आवाज जरा चढला की बाई हातातलं भांडं ठेवतात, गुडघे धरत दोन जिने उतरतात आणि घंटा वाजवतात. ती मुलगी दार उघडते आणि दरवेळी विचारते, आवाज मोठा होतोय का हो?

"नाही गं," बाई म्हणतात. "तू जरा उजेडात ये."