पाडव्याला आणलेला कॉम्प्युटर

सुनेला सहावा महिना लागला आणि डॉक्टरीणबाईंनी जिने चढणं-उतरणं बंद करायला सांगितलं. आम्ही भाईंदर पूर्वेला चौथ्या मजल्यावर राहत होतो. लिफ्ट नव्हती. सून पश्चिमेला एका छापखान्यात मराठी टायपिंग करायची. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, मंडळांचे अहवाल. छापखान्याचे मालक म्हणाले, घरी कॉम्प्युटर घ्या, मी काम घरी पाठवतो. पंधरा दिवसांत जमलं नाही तर मला दुसरी बाई ठेवावी लागेल. त्यांचंही चूक नव्हतं. लग्नसराई तोंडावर आली होती.

तिचं काम टिकावं असं मला फार वाटत होतं. त्यात सुनेवरची माया वगैरे काही नव्हती. बाईचं काम एकदा सुटलं की पुन्हा कोणी विचारत नाही, हे मी भोगलेलं. मुलगा झाला तेव्हा मी कारखान्यातलं पॅकिंगचं काम सोडलं, दोन वर्षांनी बघू म्हणून. ती दोन वर्षं अजून संपली नाहीत. शिवाय दोन बायका दिवसभर एका स्वयंपाकघरात म्हणजे काय, ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

मुलगा वरसाव्याला एका कंपनीत होता, सुट्टी मिळत नव्हती. म्हणजे कॉम्प्युटर आणायला मीच. मी चौथीपर्यंत शिकलेली. सुनेने चिठ्ठी लिहून दिली. पडदा मोठा हवा, दिवसभर बारीक अक्षर बघायचंय. स्पीकर नको. कॅमेरा नको. सगळ्यात खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, ‘मागे प्रिंटरचं रुंद पोर्ट हवंच.’

ते कशाला, हे तिने मला दोनदा समजावलं. मराठी टायपिंगचा प्रोग्राम एका लॉकवर चालायचा. काडेपेटीएवढी प्लास्टिकची डबी. मालकांनी त्यांच्याकडच्या दोन डब्यांपैकी एक तिला घरी नेऊ दिली होती. कॉम्प्युटरच्या मागच्या रुंद पोर्टात, म्हणजे भोकात, ती डबी खोचली तरच प्रोग्राम उघडणार, नाहीतर नाही. मी हो, हो म्हटलं.

आमच्याकडे मोठी वस्तू घरात यायची ती पाडव्याला नाहीतर दसऱ्याला. फ्रिज पाडव्याला आला, शिलाई मशीन दसऱ्याला. पाडवा दहा-अकरा दिवसांवर होता. मी म्हटलं, थांबू.

सून म्हणाली, “आई, त्या दिवशी दुकानात गर्दी असते. आधीच जाऊन या ना.”

“बाळ यायचंय घरात. नको ते आडदिवशी काही आणायला.”

ती गप्प बसली. पोटातल्या बाळाचं नाव काढलं की कुठल्याही सुनेला गप्प बसावं लागतं. मला ते ठाऊक होतं, म्हणूनच मी काढलं.

पाडव्याला गुढी उभारून मी नया नगरच्या अलीकडच्या एका दुकानात गेले. माणसं दाराबाहेरपर्यंत. दुकानदाराने चिठ्ठीवरून नजर फिरवली.

“ये तो बनाना पडेगा, मांजी. चार दिन.”

“आज चाहिए. आज पाडवा है.”

“आज चाहिए तो ये रेडी है. पाडवा स्कीम में.” त्याने बोट दाखवलं. काळा, बारीक, चकचकीत. सोबत स्पीकर, वर कॅमेरा.

“चिठ्ठी में लिखा वो सब है ना?”

तो एका हाताने दुसऱ्या गिऱ्हाइकाचं बिल फाडत होता. “उससे ज्यादा है.”

मला ते पटलं. ज्यादा आहे म्हणजे कमी काही नसणारच, असं मी धरून चालले. चिठ्ठीतली शेवटची ओळ काही मी पुन्हा वाचली नाही.

घरी आणून पाटावर ठेवला. त्या काळ्या डब्यावर कुंकवाने ठळक स्वस्तिक काढलं, हळद लावली, नारळ फोडला. सुनेने नमस्कार केला आणि पहिली गोष्ट कोणती केली असेल तर डबा फिरवून मागे बघितलं. बोटाने एक एक भोक चाचपलं. मग खाली बसली.

“चिठ्ठी वाचली होती ना, आई?”

“वाचली होती.”

“मग?”

“आज पाडवा होता,” मी म्हटलं.

रात्री मुलगा जेवायला बसला तेव्हा म्हणाला, “आई, पाडव्याला श्रीखंड आणतात. ते तेवढं विसरलीस.” मालकांनी दिलेल्या मुदतीतले चार दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून सगळं परत नेलं. दुकानदाराने खोकं उघडलं आणि हात मागे घेतला.

“मांजी, ये तो आपने पूजा कर दिया.”

“पूजा केली म्हणजे खराब झाला काय?”

“खराब नहीं. लेकिन नया भी नहीं रहा. ये मैं किसको बेचूँ?”

त्याने ओल्या फडक्याने घासून बघितलं. स्वस्तिक गुलाबी झालं, गेलं नाही. मी स्टूल ओढून बसले. मला घरी जाऊन सुनेचं तोंड बघायचं नव्हतं. पुन्हा चार जिने चढायचेही नव्हते.

या वेळी मी निदान लॉक सोबत आणलं होतं, पदराच्या गाठीत बांधून. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. नळाचा वॉशर आणायला जाताना आपण जुना वॉशर खिशात घालून नेतो, दुकानदाराला वर्णन सांगत बसत नाही. मी गाठ सोडली आणि डबी काउंटरवर ठेवली.

“ये जिसमें बैठेगा वो दो. बाकी कुछ नहीं मंगता.”

त्याने डबी उलटीसुलटी केली. “अच्छा, ये काम है. पहले बोलना था ना! नए माल में ये आता नहीं. पीछे एक पुराना पडा है. चलेगा?”

आतून त्याने एक कॉम्प्युटर आणला. पिवळट पडलेला, पेटीसारखा जाड, एका बाजूचा स्क्रू नाही. मी डबी मागे खोचायला लावली. बसली. चालू करून दाखव म्हटलं. चालू झाला, घरघर आवाज करत.

“ये पुराना, वो नया. बराबर का सौदा नहीं है,” मी म्हटलं. “टीव्ही बडावाला दो. स्पीकर, कॅमेरा तुमको रखो.”

“टीव्ही नहीं, मांजी, मॉनिटर.”

“जो भी है. बडा.”

अर्धा तास गेला. मासळीबाजारात मी याहून जास्त वेळ घासाघीस केलेली आहे. शेवटी त्याने मोठा पडदा दिला. स्वस्तिकवाल्या डब्याकडे बघून कुरकुरला तेव्हा मी म्हटलं, “अपने गल्ले के पास रखो. बरकत आएगी.” तेव्हा कुठे हसला.

सुनेने त्याच संध्याकाळी प्रोग्राम घातला आणि बसली. छापखान्यातून येताना आणलेला एका मंडळाचा अहवाल तीन दिवस मागे उशी घेऊन टाइप करत होती. मी स्वयंपाक केला, भांडी घासली. चौथ्या दिवशी छापून बघायची सीडी घेऊन मी छापखान्यात गेले.

सुनेच्या खुर्चीवर एक बाई बसली होती.

मालक जरा ओशाळले. “मावशी, तुमच्याकडून काही निरोपच नाही. मला वाटलं, जमत नाहीये. ह्यांना कालपासून बसवलंय.”

“मुदत आजपर्यंत होती.”

“होती हो. पण छापायचं मॅटर साठलं होतं.” त्यांनी सीडी घेतली, एक पान छापलं, चष्मा वर करून वाचलं. एकच चूक सापडली. “असं करू, पत्रिका ह्या करतील. प्रश्नपत्रिका आणि अहवाल तुमच्याकडे. अर्धं-अर्धं.”

मी भांडले नाही. पाडव्यापायी घालवलेले अकरा दिवस माझेच होते. मजकुराचे कागद पिशवीत घातले आणि निघाले.

घरी पोचल्यावर सुनेला सगळं सांगितलं, जसं झालं तसं. तिने कागद घेतले, गुडघ्यावर ठोकून सारखे केले.

“ती बाई टाइप कशी करते?” तिने विचारलं.

“भरभर.”

“बटणं बघून की न बघता?”

“बघून.”

“बरं,” ती म्हणाली आणि पहिला कागद पडद्याशेजारी टेकवून कामाला लागली.