ब्रिटो मिस आणि माझा गेलेला गळा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — तुम्ही मिसना ओळखत नव्हता, म्हणून असेल.

मी सुखात आहे, हे आधीच सांगतो. नाशिकरोडच्या शाळेत पोरांना गाणं शिकवतो, घर हसतंखेळतं आहे. पण मी टेनर होणार होतो. ऑपेरात, म्हणजे त्या पाश्चात्त्य संगीतनाटकात, पुरुषाचा जो उंच आवाज असतो ना — तो. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या फिटरचा मुलगा!

हे वेड लावलं ब्रिटो मिसनी. देवळाली कॅम्पात त्या पियानो आणि गाणं शिकवायच्या. जयंतीच्या कार्यक्रमात बाबा भीमगीतं गात होते, मी मागे कोरसात. मिसनी ऐकलं आणि बोलावून घेतलं. कॉलेजची सगळी वर्षं मी बसने त्यांच्याकडे जायचो. श्वास कसा धरायचा, इटालियन शब्द कसे फोडायचे — सगळं त्यांचं.

मग मुंबईत पहिली मोठी भूमिका मिळाली. तालमीत वरचा सूर फाटला. एकदाच — पण सगळ्यांसमोर. प्रयोगात पुन्हा फाटला तर? प्रयोगाच्या दिवशी सकाळी मी आवाज घोगरा काढून सांगितलं, गळा गेला.

खोटं होतं ते. गळा ठणठणीत होता. मी घाबरलो होतो, बस.

घरी आलो आणि तेच चालू ठेवलं. आई काढे देत राहिली. मिस भेटायला आल्या, माझा हात धरून म्हणाल्या, "बेटा, गलती माझी. मीच घाई केली. तुझा गळा मी बिघडवला."

तेव्हा खरं बोलता आलं नसतं का? आलं असतं. मी मान खाली घातली.

त्यानंतर मिसनी गाणं शिकवणं बंद केलं. पियानो चालू होता, पण गाण्यासाठी कुणी आलं की म्हणायच्या, "गळ्याला मी हात लावत नाही आता." दर नाताळला मी केक खायला जायचो आणि हे ऐकायचो. शाळेतली पोरांची साधी गाणी तेवढी कशीबशी झेपतात, असं त्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांच्यासमोर साधं गुणगुणलोसुद्धा नाही — आवाज शाबूत आहे, हे कळलं असतं ना.

गेल्या वर्षी मिस गेल्या. दफनाच्या वेळी त्यांच्या बहिणीने विचारलं, "थोडं म्हणशील?"

म्हटलं. वरचा सूर सहज लागला, अगदी स्वच्छ.

बहीण रडत म्हणाली, "हे ऐकायला ती हवी होती रे. शेवटपर्यंत स्वतःलाच दोष देत होती."

मला माहीत होतं. आणि मी तिथेही गप्पच राहिलो.