चिखलदऱ्याच्या घाटात माझ्यामागे कोण होतं?

आधीच सांगून टाकते, असले अनुभव मी आजवर फक्त नाक मुरडायला वाचत आले. अकोल्यात माझी रक्त तपासायची लॅब आहे. रिपोर्टमध्ये आलं ते खरं, बाकी सगळे मनाचे खेळ, हे मी पेशंटलाही तोंडावर सांगते. त्यामुळे माझ्याबद्दल लोकांचं मत फारसं बरं नाही. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही मला वेड्यात काढलंत तरी माझी तक्रार नाही... तुमच्या जागी मी तेच केलं असतं.

चाळिशीनंतर शुगर काठावर आली म्हणून सायकल घेतली आणि मग तिचं वेडच लागलं. रविवारी आमचा ग्रुप बाळापूरपर्यंत जाऊन येतो. हायवेवर पहिला नियम शिकवतात तो असा – सगळ्यात मागे जो असेल त्याने मागून वाहन दिसलं की जोरात ‘गाडी!’ म्हणून ओरडायचं. पुढच्याने मागे बघायचं नाही, मुकाट्याने डावीकडे सरकायचं. मान वळवली की हँडलही वळतं, आणि ट्रकवाले काही आपली वाट बघत थांबत नाहीत. दोन-तीन महिन्यांत अंगवळणी पडतं. मागच्या माणसाचा आवाज आला की डोकं विचार करत नाही, हातच सरकतात.

माझा धाकटा भाऊ नितीन परतवाड्याला राहतो. त्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. आई-बाबा गेल्यापासून माझं माहेर म्हणजे नितीन आणि त्याची बायको स्वाती. सायकलचं खूळ त्याच्या डोक्यात मीच भरलं, आणि तो माझ्यापेक्षा दुप्पट पक्का निघाला. म्हणून दोघंच असलो की मागे तो. दमदार माणसाने मागे राहायचं, हाही आमचा नियम.

गेल्या डिसेंबरात मी दोन दिवस त्याच्याकडे गेले होते. सकाळी उजाडल्यावर निघालो. परतवाडा, धामणगाव गढी (रेल्वेचं धामणगाव नव्हे, हे मेळघाटाच्या पायथ्याचं), आणि तिथून घाटाने वर चिखलदरा. थंडी अशी की हातमोज्यांतही बोटं आखडली होती. गावापर्यंत बडबड चालली होती आमची. घाट लागला आणि मी पुढे झाले.

पहिल्याच वळणाच्या अलीकडे मागून आवाज आला, “गाडी, ताई!” मी सरकले, दुधाची गाडी गेली. इथपर्यंत सगळं नेहमीचं.

पुढे चढ वाढला. सागाची झाडं दोन्ही बाजूंनी, रस्ता अरुंद, डांबराची कड जागोजागी तुटलेली. थोड्या वेळाने पुन्हा, “गाडी, ताई!” मोटारसायकल गेली. मग एसटी. प्रत्येक वेळी आवाज आधी, वाहन नंतर. नितीनचाच आवाज – ‘ताई’ म्हणताना शेवटी जरा ओढून धरायची त्याची लहानपणापासूनची सवय आहे, त्याच्यासकट. मला त्यात काही वेगळं वाटायचं कारणच नव्हतं.

मध्ये मी त्याला चिडवलं, “काय रे नित्या, स्वातीनं उपाशी धाडलं काय तुले? बोलत नाहीस कावून?”

काही उत्तर नाही. एरवी हा गडी एका वाक्याला चार वाक्यं परत करतो. मला वाटलं, चढावर दम पुरत नसेल. खरं सांगायचं तर बरंच वाटलं मला. कधी नव्हे ती मी पुढे होते आणि तो धापा टाकत होता!

बऱ्याच वर, एक आंधळं वळण आहे. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. तिथे पोचत असताना मागून एकदम कानाशी आल्यासारखा आवाज, “ताई, गाडी! खाली उतर!”

मी सायकलसकट कातळाच्या कडेच्या नालीत गेले. त्याच क्षणी वळणावरून बांबू भरलेला ट्रक खाली आला, पूर्ण माझ्या बाजूने. जिथे मी होते तिथून त्याची चाकं गेली. बांबूचे शेंडे माझ्या डोक्यावरून फरफटत गेले.

नालीत बसल्या बसल्याच मी म्हटलं, “वाचवलंस रे राजा.” आणि घाटात शिरल्यापासून पहिल्यांदा मागे पाहिलं.

रस्ता रिकामा होता. खालच्या वळणापर्यंत सगळा दिसत होता, आणि त्यावर कोणी नव्हतं.

तेव्हाच डोक्यात आलं... ट्रक समोरून आला. वळणाच्या पलीकडून. जो मला पुढून दिसला नाही तो मागच्याला दिसेलच कसा?

मी हाका मारल्या. मोबाइलला रेंज नव्हती. तेवढ्यात खालून प्रवासी जीप आली. या वेळी मागून कोणी ‘गाडी’ म्हणालं नाही. मला नालीच्या कडेला बघून ड्रायव्हरने ब्रेक मारला. उतारवयाचे, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ होते.

“काय झालं बाई? एकट्याच कावून बसल्या इथं?”

“एकटी नाही, माझा भाऊ मागून येऊन राहिला. सायकलवर. दिसला असंल तुमाले.”

त्यांनी मागे बसलेल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “नाई बाई. गाव सुटल्यापासून एक सायकल नाई दिसली आमाले. रस्ता साफ खाली हाय.”

मी सायकल फिरवली आणि उतारावर सोडली. प्रत्येक वळणावर ‘नित्या, नित्या’ ओरडत होते. किती वेळ गेला सांगता येणार नाही. पार खाली, घाटाच्या पहिल्या वळणाशी, मोरीच्या कठड्याखाली काहीतरी लाल लुकलुकताना दिसलं. नितीनच्या सायकलचा मागचा दिवा... तो दिवसाही चालू ठेवायचा.

कोरड्या नाल्यात दगडांवर पडला होता. तोंड रक्ताने भरलेलं, जबडा एका बाजूला सरकलेला. डोळे उघडे होते. मला पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी भावाला मिठी मारून रडायला हवं होतं, पण तिथे माझ्यातली लॅबवाली जागी झाली. मी त्याची मान धरून बसले आणि त्याला म्हटलं, अजिबात हलायचं नाही.

जीपवाल्या काकांना राहवलं नव्हतं. ते गाडी वळवून माझ्यामागे आले होते. प्रवासीही खाली उतरले, कोणी कुरकुरलं नाही. जीपमधली बसायची फळी काढून त्यावर त्याला उचललं. परतवाडा, तिथून अमरावती.

डॉक्टरांनी सांगितलं, जबडा दोन ठिकाणी मोडलाय, मानेच्या मणक्याला तडा आहे. मी विचारलं, “पडल्यानंतर याला ओरडता आलं असतं का?” ते म्हणाले, “ओरडणं सोडा, एक शब्दही स्पष्ट निघाला नसता. नशीब समजा, पडल्यावर हलला नाही. उठून बसला असता तर आज आपण वेगळं बोलत असतो.”

दुधाच्या गाडीला बाजू देताना डांबराची कड तुटली आणि तो खाली गेला होता. म्हणजे मोटारसायकल, एसटी, ट्रक... या सगळ्यांच्या आधी! दुधाच्या गाडीनंतर जो आवाज मी अख्खा घाटभर ऐकला तो त्याचा नव्हताच.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी मी स्वतःची समजूत घातली असती. दम लागला होता, मेंदूला प्राणवायू कमी पडला, भास झाला. पेशंटला सांगते तसं. ट्रकचं काय ते योगायोगावर टाकलं असतं.

पण जबड्याच्या तारा काढल्यावर नितीन बोलू लागला. मी भेटायला गेले, तर स्वातीने दारातच माझे पाय धरले.

“ताई, तुमी बोलत राहिल्या म्हणून हे वाचले.”

मला कळेना. नितीन पलंगावरून हळूहळू, शब्द चावत म्हणाला, “मी उठून राहिलो होतो ताई. हात टेकले होते. वरून रस्त्यावरून तुझा आवाज आला... ‘नित्या, हालू नको, मी येऊन राहिली.’ म्हणून पडून राहिलो. पुना उठाले गेलो, तर पुना तेच. कितीदा म्हटलं तू! मले वाटे, एवढी बोलून राहिली तर खाली कावून येत नाई?”

मी तेव्हा वर होते. कुठल्या तरी वळणावर, त्याच्या हाका ऐकत पुढे पुढे जात होते.

मी त्याच्याकडे बघून मान हलवली. “अरे, उतरायला वाट सापडत नव्हती,” असं म्हटलं. आयुष्यात इतकं सफाईने खोटं बोलले नव्हते.

तेव्हापासून रात्रंदिवस एकच घोळतंय. त्या आवाजाने मला ट्रकपासून वाचवलं, त्याची मान वाचवली, मान्य. मग मला साधं ‘मागे फिर’ का म्हणाला नाही? माझा भाऊ तोंडात रक्त घेऊन दगडांवर पडला होता आणि मला वरवर कोण नेत होतं? आणि माझा आवाज घेऊन त्याच्याशी कोण बोलत होतं? त्याला भलं म्हणावं तर मन घेत नाही, वाईट म्हणावं तर आम्ही दोघं जिवंत आहोत. मला भीती वाटते, आणि हे मी पहिल्यांदाच कबूल करतेय. ना माझ्याकडे उत्तर आहे, ना मी ज्यांना विचारलं त्यांच्याकडे. नितीनला तर मी विचारूच शकत नाही. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगतो, ताईच्या आवाजाने धीर दिला मले. त्याचा तो धीर मी कशी काढून घेऊ?

यंदा भाऊबीजेला त्याच्याकडे गेले होते. आता तो बराच सावरलाय. मी स्वयंपाकघरात अनारसे तळत होते. बाहेरून त्याने हाक मारली, “ताई!”

मी ओ दिली नाही. गॅस बंद केला, बाहेरच्या खोलीत गेले, तो खुर्चीवर बसलेला आहे हे डोळ्यांनी पाहिलं, आणि मग म्हटलं, “काय रे?”